दाढ काढली, तरी दुखतंय: नवख्यांसाठी पायरीपायरीने

माझी खालची डावी अक्कलदाढ काढली तेव्हा पहिले दोन दिवस इतके सोपे गेले की आपण सुटलो, असंच मी धरून चालले होते. तिसऱ्या रात्री कानाच्या खालून ठणका सुरू झाला. गोळी घेतली की दोन तास बरं वाटायचं, मग पुन्हा तेच. दाढ तर काढून टाकलेली, मग आता दुखतंय तरी काय, ते कळेना. ‘एवढं तर दुखणारच’ म्हणत मी आणखी दोन दिवस अंगावर काढले. शेवटी गेले तेव्हा डॉक्टरांनी खड्डा धुतला, त्यात औषध लावलेली पट्टी भरली आणि अर्ध्या तासात ठणका निम्म्यावर आला. मधले दोन दिवस मी विनाकारण सोसले होते.

पुढे बाबांची वरची दाढ काढली तेव्हा त्यांच्यासोबत मी होते. त्या वेळी डॉक्टरांना सगळं विचारून विचारून लिहून ठेवलं. पहिल्यांदाच दाढ काढलेल्यांना उपयोगी पडेल म्हणून तेच इथे क्रमाने मांडते आहे. तुमच्या डॉक्टरांनी तुमचं तोंड पाहून काही वेगळं सांगितलं असेल, तर त्यांचंच ऐका.

पायरी १: दुखणं किती आहे ते नको, कुठे चाललंय ते बघा

एकाचं दोन गोळ्यांत भागतं, दुसऱ्याला आठवडा लागतो. म्हणून ‘मला जरा जास्तच दुखतंय का?’ या प्रश्नाला नीट उत्तर नाही. ‘कालच्यापेक्षा आज कमी आहे का?’ या प्रश्नाला मात्र आहे.

नेहमीचा क्रम असा असतो. बधिरपणा उतरला की पहिल्या रात्री दुखणं सर्वांत जास्त असतं. सूज मात्र मागाहून येते आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत मोठी दिसते. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून दोन्ही उताराला लागायला हवं. सरळ निघालेल्या दाताला तीन-चार दिवसांनी बहुधा गोळी लागत नाही. हिरडी कापून, हाड कोरून काढलेल्या अक्कलदाढेला आठवडा ते दहा दिवस लागू शकतात. उतार हळू असला तरी काळजी नाही. उतरत आलेलं दुखणं पुन्हा चढू लागलं, तर ती खूण आहे आणि त्या दिवशी फोन करायचा.

यासाठी एक कागद जवळ ठेवा. सकाळ-संध्याकाळ तीन गोष्टी लिहा: दुखणं ० ते १० मध्ये किती, शेवटची गोळी किती वाजता घेतली आणि तोंड किती उघडतंय. तोंड मोजायचं आपल्याच बोटांनी. बोटं एकावर एक उभी धरून वरच्या-खालच्या पुढच्या दातांमध्ये किती मावतात ते पाहायचं. एरवी साधारण तीन मावतात. रात्री दोन वाजता सगळंच भयंकर वाटतं, अशा वेळी कालचा आकडा समोर असला की डोकं ठिकाणावर राहतं. डॉक्टरांनाही या कागदाचा फार उपयोग होतो.

पायरी २: पहिला दिवस गुठळीचा

दात निघाल्यावर खड्डा रक्ताने भरतो आणि ते रक्त गोठतं. ही गुठळी म्हणजे घाण नव्हे. खालचं हाड आणि नसांची टोकं तिनेच झाकलेली असतात आणि नवा मांसल भाग तिच्यातच वाढतो. पहिल्या दिवसाचे सगळे नियम तिला जागेवर ठेवण्यासाठीच आहेत. हे एकदा समजलं की यादी पाठ करावी लागत नाही.

डॉक्टरांनी दिलेला गॉझचा बोळा अर्धा ते पाऊण तास घट्ट चावून धरा. दर पाच मिनिटांनी काढून पाहू नका, प्रत्येक वेळी नवी गुठळी उचकटते. पहिले २४ तास चूळ भरायची नाही, थुंकायचं नाही, स्ट्रॉने काही ओढून प्यायचं नाही. लाळ आली तर गिळा किंवा अलगद बाहेर सोडा. खूप गरम खाणं-पिणं, दारू आणि दमवणारा व्यायाम त्या दिवशी बंद. सिगरेट आणि तंबाखू कुठल्याही रूपात नको, जितके जास्त दिवस टाळाल तितकं चांगलं. निदान तीन दिवस तरी हात लावू नका.

लाळ दिवसभर गुलाबी येणं, उशीवर सकाळी डाग दिसणं यात घाबरण्यासारखं नाही. थोडंसं रक्त भरपूर लाळेत मिसळलं की फार वाटतं. पण तोंड वारंवार लालभडक रक्ताने भरत असेल, तर ताठ बसा, स्वच्छ गॉझ ओला करून जाड घडी करा, ती नेमकी खड्ड्यावर ठेवा आणि घड्याळ लावून अर्धा तास दाबून चावा. गॉझ शेजारच्या दातांवर बसला तर खड्ड्यावर दाबच येत नाही. बहुतेकांची चूक इथेच होते. एवढं करूनही थांबलं नाही तर फोन करा, रात्र असली तरी. फोन लागला नाही तर थेट इमर्जन्सी विभागात जा.

बधिरपणा उतरायच्या आधीच पहिली गोळी घ्या. खालच्या जबड्याची बधिरता तीन ते पाच तास टिकू शकते. तोपर्यंत काही चावू नका. गाल किंवा ओठ दाताखाली आला तरी कळत नाही, लहान मुलं तर ओठ चावून फोड करून घेतात. बाहेरून गालावर कापडात गुंडाळलेला बर्फ १५ ते २० मिनिटं ठेवा, मग तितकाच वेळ काढा. झोपताना एक उशी जास्त घ्या.

दुसऱ्या दिवसापासून कोमट मिठाचं पाणी. एका ग्लासात अर्धा चमचा मीठ पुरतं. गाल फुगवून जोरात खळखळ करायची नाही. पाणी तोंडात घ्यायचं, मान या बाजूला, त्या बाजूला कलवायची आणि तोंड उघडून पाणी पडू द्यायचं. प्रत्येक खाण्यानंतर हे करा. बाकीचे दात नेहमीसारखे घासा, फक्त ब्रश खड्ड्यापासून लांब ठेवा. दुखतंय म्हणून तिकडची बाजू आठवडाभर घासलीच नाही, तर हिरडी सुजते आणि दुखण्यात भर पडते.

पायरी ३: आरशात एकदाच नीट बघा

मोबाइलचा टॉर्च लावून दिवसातून एकदा पाहिलं तर हरकत नाही. दहादा पाहायचं आणि जिभेने चाचपत राहायचं, हे मात्र टाळा.

पहिल्या दिवशी गडद लाल-काळपट गुठळी दिसते. दोन-चार दिवसांत तिच्यावर पांढरट-पिवळसर थर येतो आणि माणूस ‘पू झाला’ म्हणून हबकतो. मीही हबकले होते. तो थर बहुतेक वेळा फायब्रिनचा, म्हणजे रक्त गोठताना बनणाऱ्या धाग्यांचा असतो. गुडघा खरचटल्यावर खपली धरते, तीच ही गोष्ट. तोंड कायम ओलं, म्हणून ती कोरडी तपकिरी न दिसता मऊ पांढरी दिसते. कापूस किंवा काडी घालून ती काढायला जाऊ नका. पू झाला तर सोबत आणखी खुणा असतात: वाढत जाणारी सूज, दाबल्यावर येणारा घाण स्राव, ताप, अंग मोडून येणं.

खड्डा खोल दिसतो आणि बरेच दिवस दिसत राहतो. वरून हिरडीने झाकायला साधारण तीन ते चार आठवडे लागतात, आत हाड भरून पक्कं व्हायला काही महिने. दोन आठवड्यांनी खड्डा दिसला म्हणजे बिघडलं असं नाही. त्यात अन्नाचे कण अडकणारच. मिठाच्या पाण्याने बहुतेक निघतात. खालच्या अक्कलदाढेसाठी डॉक्टर कधी वाकड्या टोकाची पिचकारी देतात. ती त्यांनी सांगितलेल्या दिवसापासूनच वापरा, बहुधा पाचेक दिवसांनंतर. टूथपिक अजिबात नको.

पायरी ४: दुखण्याला नेमकं नाव द्या

माझ्या मते सर्वांत उपयोगी पायरी हीच. आपल्याकडे दुखण्याला किती शब्द आहेत! ठणका, कळ, सल, चमक, टोचणी, शिवशिव, अवघडणं. डॉक्टरांपुढे बसलं की मात्र आपण फक्त ‘दुखतंय’ म्हणतो. यातला नेमका शब्द सांगितला तर निम्मं निदान तिथेच होतं.

‘ठणकतंय.’ दाढ काढून दोन ते चार दिवसांनी सुरू झालेला, कानाकडे किंवा कानशिलाकडे चढणारा, गोळीला दाद न देणारा ठणका, तोंडाला वेगळीच दुर्गंधी आणि खड्ड्यात गुठळीऐवजी उघडं, करडं-पांढरं हाड. याला ड्राय सॉकेट म्हणतात. हे नाव क्रॉफर्ड नावाच्या दंतवैद्यांनी १८९६ मध्ये वापरलं, ते आजही चालतं. गुठळी निघून जाते किंवा वेळेआधीच विरघळते आणि हाड उघडं पडतं. साध्या दातांमध्ये हे शेकडा एक ते पाच जणांना होतं. खालच्या अक्कलदाढेत प्रमाण बरंच वाढतं. धूम्रपान, दाढ काढताना झालेली जास्त ओढाताण, आधीपासून असलेला जंतुसंसर्ग आणि गर्भनिरोधक गोळ्या यांनी धोका वाढतो. सगळे नियम पाळूनही होऊ शकतं, म्हणून स्वतःला दोष देत बसू नका.

याची दुसरी बाजू दिलासा देणारी आहे. ड्राय सॉकेट जिवावरचं दुखणं नाही आणि जखम शेवटी आपणहून भरते, साधारण सात ते दहा दिवसांत. पण ते दिवस सोसायची गरज नाही. डॉक्टर खड्डा हलकेच धुतात आणि युजेनॉल असलेली पट्टी ठेवतात. युजेनॉल म्हणजे लवंगेच्या तेलातलं वेदना बधिर करणारं द्रव्य. पट्टी एक-दोन दिवसांनी बदलावी लागू शकते. घरी लवंगेचं तेल थेट खड्ड्यात ओतू नका, त्याने हिरडी भाजते आणि जखम भरायला वेळ लागतो. हा मुळात जंतुसंसर्ग नसल्यामुळे नुसत्या अँटिबायोटिकने ठणका जात नाही. माझ्या ठणक्याच्या त्या दोन दिवसांत कुणी एवढं जरी सांगितलं असतं, तर मी घरात उरलेल्या जुन्या गोळ्या शोधत बसले नसते.

‘तोंड उघडत नाही, जबडा अवघडलाय.’ खालची मागची दाढ काढताना तोंड बराच वेळ ताणलेलं असतं आणि बधिरतेची सुई चावण्याच्या स्नायूजवळून जाते. स्नायू आखडतो. आठवडा-दोन आठवड्यांत हे सुटतं. दोन दिवस उलटले की बर्फ थांबवून कोमट शेक द्या, आणि दिवसातून तीन-चार वेळा दुखेल त्याच्या अलीकडे थांबत तोंड हळूहळू उघडा. कागदावर एक बोट, दीड बोट, दोन बोटं असं वाढताना दिसलं की बरं चाललंय. उलट आधी दोन बोटं मावत होती आणि आता एकच, सोबत ताप किंवा गिळताना त्रास, असं असेल तर थांबू नका.

‘गार लागलं की शेजारचा दात शिवशिवतो.’ दाढ काढल्यावर शेजारच्या दाताची आजवर झाकलेली बाजू उघडी पडते. मुळाचा भाग उघडा राहिला तर गार-गरम लागतं. काही आठवड्यांत बहुतेक वेळा कमी होतं, संवेदनशील दातांसाठीची टूथपेस्ट मदत करते. पण त्याच दातावर चावताना कळ येते, गार पिऊन झाल्यावरही कळ रेंगाळते किंवा रात्री आपोआप जाग येते, तर तो दात दाखवा. फिलिंग हललेलं असू शकतं, चीर असू शकते, आत आधीपासूनची कीड असू शकते. कधी मूळ दुखणं त्याच दाताचं असतं आणि काढलेल्या दाढेच्या गोंधळात ते लपून जातं.

‘काहीतरी टोचतंय.’ दोन-तीन आठवड्यांनी, कधी त्याहूनही उशिरा, जिभेला हिरडीत टोकदार कण लागतो. ‘दाताचा तुकडा आत राहिला’ ही पहिली शंका. बऱ्याचदा तो हाडाचा सुटा कपचा असतो, शरीर तो आपणहून बाहेर ढकलतं. वर आला की कधी सहज निघतो, नाहीतर डॉक्टर चिमट्याने काढतात. खालच्या मागच्या बाजूला जिभेकडची हाडाची कड धारदार राहिली, तरी असंच लागतं. ती हळूहळू झिजते किंवा थोडी घासून गुळगुळीत करावी लागते. खरंच मुळाचा तुकडा आहे का, हे एक्स-रेमध्ये कळतं. नसेजवळचा बारीक, निरोगी तुकडा डॉक्टर कधी कधी मुद्दाम आत ठेवतात, कारण तो काढण्यात नसेला धोका जास्त असतो. तसं केलं असेल तर तुम्हाला सांगितलेलं असायला हवं. आठवत नसेल तर स्पष्ट विचारा.

‘ओठ अजून बधिर आहे, मुंग्या येतात.’ खालच्या जबड्यातून जाणारी एक नस खालचा ओठ आणि हनुवटीचा स्पर्श सांगते, दुसरी जिभेचा. खालच्या अक्कलदाढेची मुळं या दोन्हींच्या शेजारी असतात. दुसऱ्या दिवशीही बधिरता तशीच असेल तर डॉक्टरांना कळवा, ‘बघू आठवडाभर’ नको. ओठ हलत असतो, वाकडा होत नाही, फक्त जाणवत नाही. बहुतेकांचं काही आठवडे ते काही महिन्यांत परत येतं, आणि येताना आधी मुंग्या येतात. कुठे जाणवतं, कुठे नाही, याची नोंद डॉक्टर सुरुवातीलाच करतात, म्हणजे सुधारणा मोजता येते. तोवर गरम पिताना जपा.

‘जळजळतं, वीज चमकल्यासारखं होतं.’ जखम पूर्ण भरली, एक्स-रे स्वच्छ आला आणि तरीही तीन महिन्यांनंतर तिथेच जळजळ किंवा चमक राहिली, तर दुखणं आता खड्ड्यातलं नसून नसेचं असू शकतं. हे मनाचे खेळ नव्हेत. त्यावर नेहमीच्या वेदनाशामक गोळ्या चालत नाहीत, नसांच्या दुखण्याची वेगळी औषधं लागतात आणि ती देणारे तज्ज्ञ वेगळे असतात. एक गोष्ट मी अगदी कळकळीने सांगते: अशा दुखण्याच्या मागे लागून शेजारचा, मग त्याच्या शेजारचा दात काढत जाऊ नका. त्या दातात दोष असल्याचा पुरावा नसेल, तर आधी दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या.

पायरी ५: गोळ्या घड्याळाप्रमाणे

पहिले दोन-तीन दिवस ‘दुखलं की घेऊ’ असं न करता सांगितलेल्या वेळेला गोळी घेतली, तर एकूण कमी सोसावं लागतं. ज्यांना चालतात त्यांच्यासाठी आयबुप्रोफेन आणि पॅरासिटामॉल ही जोडी दात काढल्यानंतर फार चांगली काम करते. दोन्ही वेगळ्या वाटेने वेदना कमी करतात. प्रौढांसाठी पॅरासिटामॉल २४ तासांत ४ ग्रॅमच्या वर जाता कामा नये. यकृताचा त्रास असेल किंवा वजन कमी असेल तर मर्यादा आणखी खाली. सर्दी-तापाच्या बऱ्याच गोळ्यांत तेच औषध असतं, म्हणून पाकिटावरची नावं वाचा.

पोटात अल्सर, मूत्रपिंडाचा आजार, रक्त पातळ करणारी औषधं, वेदनाशामकाने उठणारा दमा, किंवा गरोदरपणाचे २० आठवडे उलटलेले असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय आयबुप्रोफेन नको. अ‍ॅस्पिरिन हिरडीवर दाबून ठेवायचा जुना उपाय करू नका, त्या आम्लाने हिरडी पांढरी पडून भाजते. पण हृदयासाठी रोजची अ‍ॅस्पिरिन किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर ती स्वतःच्या मनाने बंदही करू नका.

अँटिबायोटिक दिलं असेल तर सांगितलं तसंच घ्या. मेट्रोनिडाझोल असेल तर सोबत दारू चालत नाही. अँटिबायोटिक ही वेदनाशामक गोळी नव्हे.

पायरी ६: वरची मागची दाढ असेल तर नाक जपा

बाबांच्या वेळी हे शिकले. दुसऱ्या दिवशी पाणी पिताना त्यांच्या नाकातून दोन थेंब आले. वरच्या मागच्या दाढांची मुळं गालाच्या हाडामागच्या पोकळीला, म्हणजे सायनसला, लागून असतात. कधी दाढ काढल्यावर तोंड आणि ती पोकळी यांत बारीक वाट तयार होते. एक-दोन मिलिमीटरची असेल तर बहुधा आपणहून बुजते. बाबांची बुजली. मोठी असेल तर टाके घालून बंद करावी लागते.

तोवर दोन आठवडे नाक शिंकरायचं नाही, शिंक आली तर तोंड उघडून द्यायची, फुगा फुगवणं किंवा वाजवायचं वाद्य फुंकणं बंद. आणि नाक दाबून फुंकून ‘हवा जाते का’ हे घरी तपासायचं नाही, त्यानेच भोक मोठं होतं. गालाखाली दाब, वाकलं की जड वाटणं, एका नाकपुडीतून घाण वासाचं पाणी असं झालं, तर सायनसची तपासणी लागेल.

पायरी ७: तुम्ही जास्त जपायच्या गटात आहात का?

मधुमेह आटोक्यात नसेल तर जखम हळू भरते आणि जंतुसंसर्ग लवकर होतो. हाडं ठिसूळ होण्यावर किंवा कर्करोग हाडात पसरल्यावर दिली जाणारी काही औषधं, जसं अ‍ॅलेंड्रोनेट, झोलेड्रोनिक अ‍ॅसिड, डेनोसुमॅब, जबड्याच्या हाडाचं भरून येणं मंदावतात. ही वर्षानुवर्षं चालू असतात, इंजेक्शन सहा महिन्यांतून किंवा वर्षातून एकदाच असतं, म्हणून दातांच्या डॉक्टरांना सांगायचं राहून जातं. दाढ काढल्यावर आठ आठवड्यांनंतरही हाड उघडं दिसत असेल, तर याच कारणाचा विचार होतो. तोवर वाट बघत बसू नका, आधीच सांगा. डोक्या-मानेला कधीकाळी, अगदी वीस वर्षांपूर्वीही, रेडिएशन दिलं असेल तर तेही सांगा.

खोल रुतलेली खालची अक्कलदाढ काढल्यावर पहिले चार आठवडे कडक काही चावू नका. हाड तिथे तात्पुरतं नाजूक झालेलं असतं. क्वचितच, पण चावताना ‘कट्’ असा आवाज येऊन जबड्याला तडा गेल्याची उदाहरणं आहेत. असा आवाज आला आणि दात पूर्वीसारखे जुळेनासे झाले, तर एक्स-रे हवाच.

पायरी ८: कधी एक तासही थांबायचं नाही

जिभेखाली किंवा हनुवटीखाली सूज येऊन जीभ वर उचलल्यासारखी वाटते, लाळ गिळता येत नाही, आवाज बदलतो, श्वास घ्यायला त्रास होतो. अशा वेळी दातांच्या दवाखान्याची वेळ पाहू नका, थेट इमर्जन्सी विभागात जा. संसर्ग मानेत उतरला की श्वासाची वाट बंद होऊ शकते आणि हे काही तासांत होऊ शकतं. सूज डोळ्याकडे चढून पापणी मिटायला लागली, थंडी वाजून ताप आला, किंवा दाब देऊनही रक्त थांबत नाही, तरीही तसंच.

त्याच दिवशी फोन करण्यासारखं: तिसऱ्या दिवसानंतर वाढणारी सूज किंवा दुखणं, नव्याने आलेला ताप, तोंडात पुवाची चव, आठवड्याने पुन्हा सुरू झालेलं रक्त. हे शेवटचं लोक हलक्यात घेतात. इतक्या उशिरा येणाऱ्या रक्तामागे बऱ्याचदा संसर्ग असतो.

गालावर किंवा मानेवर उतरलेला निळा-हिरवा डाग मात्र घाबरण्याचा नाही, विशेषतः वय जास्त असेल तर. पिवळा होत दहा-बारा दिवसांत जातो.

पायरी ९: फोनवर काय सांगायचं

‘डॉक्टर, दुखतंय’ एवढ्यावर कुणालाच काही ठरवता येत नाही. असं सांगा: ‘चार तारखेला खालची डावी अक्कलदाढ काढली. दोन दिवस बरं होतं. कालपासून कानापर्यंत ठणका आहे, दहापैकी आठ. चार तासांपूर्वी गोळी घेतली, फरक नाही. ताप नाही. तोंड दोन बोटं उघडतं.’ कागद हाताशी असेल तर हे अर्ध्या मिनिटात होतं.

कागदपत्रावर ३८ असा आकडा असेल तर तो वाचून दाखवा. बऱ्याच देशांत चालणाऱ्या दोन अंकी पद्धतीत पहिला आकडा तोंडाच्या चार भागांपैकी कुठला ते सांगतो: १ वरचा उजवा, २ वरचा डावा, ३ खालचा डावा, ४ खालचा उजवा. दुसरा आकडा मधल्या दातापासून मोजलेला क्रमांक, म्हणून ८ म्हणजे अक्कलदाढ. चुकीच्या बाजूचा गोंधळ यामुळे टळतो.

फोन करायला लाजू नका. ड्राय सॉकेटची पट्टी ठेवणं हे डॉक्टरांचं नेहमीचं काम आहे.

पायरी १०: रिकामी जागा

अक्कलदाढ असेल तर त्या जागी दुसरा दात बसवायची गरज नसते. इतर दात असेल तर विचार लवकर करा, कारण हाड थांबत नाही. एक दात काढलेल्या जागी हाडाची रुंदी पहिल्या वर्षात साधारण निम्म्यापर्यंत घटू शकते, आणि त्यातला बराचसा भाग पहिल्या तीन महिन्यांतच जातो. शेजारचे दात जागेकडे कलतात, समोरचा दात उतरत किंवा चढत येतो. इम्प्लांट (हाडात बसवलेल्या स्क्रूवरचा दात), ब्रिज (शेजारच्या दातांच्या आधाराने पक्का बसवलेला दात), काढता-घालता येणारा दात, किंवा जागा तशीच ठेवणं, हे चारही पर्याय खरे आहेत. कुठला योग्य, ते हाड, शेजारच्या दातांची अवस्था आणि तुमची ऐपत यावर ठरतं. दुखऱ्या तोंडाने त्याच आठवड्यात निर्णय घ्यायची घाई नको. रेशमी टाके असतील तर ते साधारण आठवड्याने काढतात. त्याच भेटीत या जागेबद्दल बोलायची पुढची तारीख ठरवून घ्या, आणि नोंदींचा कागद तेव्हाही सोबत न्या.